पुलापलीकडची गल्ली

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत विनुता दुपारपर्यंत कॉम्प्युटरचे वर्ग घेई आणि मग त्याच खोलीत गेम बनवायला बसे. तिच्या पहिल्या गेमचं नाव 'नारै', म्हणजे बगळा. बगळ्याच्या आकाराचं मातीचं विमान पडद्यावर डावीकडून उजवीकडे उडत जाई आणि लोखंडी रंगाच्या टोळांवर गोळ्या झाडी. विमान, टोळ, भातशेतं, सगळं तिच्यासोबत राहणाऱ्या कल्याणरामकाकांनी हातानं मातीतून घडवलेलं. विनुतानं या साऱ्या वस्तूंचे फोटो काढून ते हलते केले होते. चेन्नईच्या एका मासिकानं तो गेम सीडीवर वाटला, आणि आता, अठ्ठ्याण्णव साली, मासिकाला जानेवारीतल्या पोंगल सणापर्यंत दुसरा भाग हवा होता.

पण श्रावणात काकांना पक्षाघाताचा झटका आला. शाळेत चित्रकला शिकवण्यात जन्म घालवलेला उजवा हात मांडीवर नुसता पडून राहिला. काका भिंतीकडे तोंड करून बसत.

"काका, टोळांचे पाय कसे वळवू?"

"जमेल तसे."



तिनं एकटीनंच माती मळली. शेवटच्या टप्प्याचं दृश्य म्हणजे बाकांवर मांडलेली लांबलचक पट्टी: शेतं, नारळ, कालवा, कालव्यावरचा पूल. पुलापाशी पट्टी संपे. तिथेच विमान थांबे.

एका दुपारी ते थांबलं नाही.

पूल मागे पडला आणि पुढे गल्ली आली. मातीचीच. भिंतींवर अंगठ्यांचे ठसे होते, नुकत्याच लिंपलेल्या मातीवर असते तशी ओली चमक होती. विनुतानं कीबोर्डवरची बोटं उचलली. गल्ली सरकतच राहिली.

तिनं मशीन बंद केलं, पुन्हा सुरू करून एकेक फोटो तपासला. शेवटचा फोटो पुलाचाच होता. पुन्हा खेळली, तर पुन्हा गल्ली. या वेळी पोपडे उडालेली राजवाड्याची भिंत, समोर हातपंप, आणि हातपंपाशेजारी त्यांचंच दार.

हा भास आहे की काय, एवढं तरी कळायला हवं होतं. तिनं काकांना हाक मारली.

काका भिंतीला धरून, पाय ओढत आले.

"हे केव्हा केलंस?"

"मी नाही केलं, काका."

मातीचं दार उघडलं. एक म्हातारा बाहेर आला. खांद्याचा बाक काकांचाच. भिंतीचा आधार मात्र त्याला लागला नाही. ओट्यावर बसून तो उजव्या हातानं काहीतरी मळू लागला.

काकांचा श्वास जोरात चालू झाला. यांना बोलवायला नको होतं, असं विनुताला वाटलं.

"बंद करू?"

"नको."

ते बराच वेळ त्या बोटांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अंगठा चुकीचा धरतोय. माती आण."

त्या दिवशी मातीचा गोळा काकांच्या उजव्या हातातून तीनदा पडला. दुसऱ्या दिवशीही पडला. डिसेंबरात मार्गळी महिना लागून दारोदार पिठाच्या रांगोळ्यांची मोठमोठी कोलमं उमटू लागली, तोवर करंगळी सोडून सगळी बोटं वळू लागली होती. सर्वांत मोठा टोळ काकांनी उजव्या हातानं घडवला. त्यांच्या नखांतली माती पाहून विनुताला रडू फुटलं.

"सरी, सरी, बरं. फोटो काढ आधी," काका म्हणाले.

त्यानंतर विमान दर वेळी पुलापाशीच थांबलं. मासिकाच्या मंडळींनीही गेम पुलापर्यंतच पाहिला. सीडी वेळेवर निघाली.

फेब्रुवारीत पत्रं आली. बहुतेकांना तिसरा भाग हवा होता. एक पत्र सेलमहून होतं, धनलक्ष्मी नावाच्या बाईचं. काका ओट्यावर माती मळत होते. विनुता त्यांना वाचून दाखवू लागली.

'पूल ओलांडल्यावर आमची गल्ली लागते. तुम्ही ती कधी पाहिलीत? आमच्या दारात एक लहान मुलगी उभी आहे. हनुवटी थेट माझ्या सासूबाईंची. आमच्या घरात मूल नाही. मला दिवस गेलेत, हे डॉक्टरांनी काल सकाळी सांगितलं. मी अजून नवऱ्यालासुद्धा बोलले नाही.'