टोपीखालचं नाव

मी कानांनी पोट भरते. लोक हसतात, पण खरंच तसं आहे. घराघरांत ते बोलके डबे असतात ना, हाक मारली की वेळ सांगणारे, गाणी लावणारे, त्यांनी टिपलेले आवाजाचे तुकडे आमच्याकडे येतात. डब्याला नीट समजलं की नाही, हे माणसाने ऐकून तपासायचं. तुकड्यात कुणाचं नाव आलं तर त्यावर 'टूं' असा आवाज बसवायचा, म्हणजे कोण बोललं ते बाहेर कळत नाही. त्यासाठी टेबलाखाली पायाने दाबायची एक पट्टी असते. नावाला टोपी घालणं म्हणतो आम्ही त्याला. नवीन आलेला माणूस विचारतोच, टोपी नक्की कुणाला घालताय?

हॉलमध्ये जाड गालिचा आहे, पाऊल वाजत नाही. खिडक्यांच्या काचा काळ्या. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'तुमचं खासगी ते खासगीच.' सगळ्यांच्या कानांवर हेडफोन, त्यामुळे बोलायची सोय नाही. आपले हेडफोन काढले तर पट्ट्यांची टकटक तेवढी ऐकू येते. पायाला सवय लागते. नाव डोक्यात शिरायच्या आत अंगठा खाली गेलेला असतो. बसमध्ये कुणी कुणाला हाक मारली तरी माझी चप्पल हलते.

हे सगळं सांगते, कारण मी भुताखेतं मानणाऱ्यांतली नाही. औषधाच्या पाकिटावरची तारीखसुद्धा मी दोनदा वाचते.

घरी मी आणि आई. आई शाळेत शिकवायची. म्हातारपणी तिची नजर हळूहळू गेली, आता उजेड आणि सावली एवढंच कळतं. पण डोकं असं की पन्नाशीला आलेल्या विद्यार्थ्याला आवाजावरून ओळखून आडनावासकट झापते. आमचं घर तिच्या हाकेवर चालतं. ती माझं घरातलं नाव घेते, मी 'ओ' देते, आणि त्या ओच्या दिशेने ती भिंतीला हात न लावता सरळ चालत येते. काठी तिने कधी घेतली नाही. म्हणायची, "तू आहेस ना."

दिवसभर तिला सोबत हवी म्हणून आमच्या कंपनीचा डबा मीच घरी आणला होता.

"हा आपलं बोलणं ऐकतो?" तिने विचारलं होतं.

"नाही गं. हाक मारल्याशिवाय नाही ऐकत."

"मग हाक ऐकायला कान उघडेच ठेवत असेल की."

मास्तरीणबाईंशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी हसून सोडून दिलं.

पहिली विचित्र गोष्ट एका पोपटामुळे लक्षात आली. कुणाच्या तरी घरी पिंजऱ्यात पोपट होता, मागे करकरणारा पंखा. पोपट शीळ घालायचा, एका मुलीचं नाव घ्यायचा, परत शीळ घालायचा. मी नावाला टोपी घातली आणि पुढे गेले. काही दिवसांनी तोच पंखा, तोच पोपट पुन्हा कानात आला. शीळ वाजली. मग काहीच नाही. नावापुरती जागा सोडून पुन्हा शीळ. मागे एक बाई म्हणत होती, "हा मध्येच थांबतो का? कुणाला बोलावतोय?"

मी तुकडा मागे घेऊन पुन्हा ऐकला. 'टूं' नव्हता. कुणी काही बसवलं नव्हतं. पोपट तेवढा वेळ नुसता गप्प होता.

माझ्या शेजारी एक वयस्क गृहस्थ बसतात. एसीमुळे बारा महिने गळ्यात मफलर, म्हणून नावही मफलरच. त्यांना मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे न बघता चष्मा पुसला.

"एकाच घराचा तुकडा दुसऱ्यांदा आला तर मी ऐकत नाही. डोळे मिटून पुढे ढकलतो."

"का?"

"चहा घेणार का तुम्ही?" ते म्हणाले आणि उठले.

मी मनात म्हटलं, म्हातारा चळलाय.

त्यानंतरच्या आठवड्यात, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी, हेडफोनमध्ये एक दार वाजलं. खालची कडी सैल असल्यावर वाजतं तसं. मग नळाची धार. मग आईचा आवाज. आई डब्याशी बोलत नव्हती. ती मला हाक मारत होती, रोज सकाळी मारते तशी, दूध उतू जातंय म्हणून.

डब्याला कुणी हाक मारली नव्हती. तरी त्याने ऐकलं होतं. तेवढ्यात पट्टी टक् वाजली.

मी दाबली नाही. म्हणजे, पाय माझाच होता.

तुकडा गेला. पडद्यावर दुसरा आला, कुणी तरी हवामान विचारत होतं.

संध्याकाळी घरी गेले. किल्लीचा आवाज ऐकून आई खुर्चीतून म्हणाली, "आलीस का गं..." आणि थांबली. पायरी चुकल्यावर माणूस थांबतो तशी. मग म्हणाली, "तोंडावर आहे बघ तुझं नाव." ती हसली. मीही हसले. मी तिला माझं नाव सांगितलं.

आई वाट बघत राहिली. "सांग की. गप्प का झालीस?"

मी पुन्हा सांगितलं, मोठ्याने. तिने मान तिरकी केली, टाकी भरली का ते ऐकताना करते तशी. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं.

डॉक्टरांनी तिला शंभर प्रश्न विचारले. तिने उत्तरं दिली, वर त्यांचं व्याकरण सुधारलं. परगावी असलेल्या दादाला फोन केला, तर तो म्हणाला, "आईचं वय झालंय, असं होतं. तू टेन्शन घेऊ नकोस गं..." आणि तोही थांबला.

आई मला आता शाळेतल्या नावाने बोलावते. हजेरी घ्यावी तसं, आडनावासकट. मला ते वेळेवर कळत नाही, ओ द्यायला उशीर होतो. मग ती खोलीच्या मधोमध उभी राहते, हात पुढे करून. परवा दाराची चौकट तिच्या कपाळाला लागली. मी बर्फ धरला तर म्हणाली, "तू कुठे होतीस? मी केव्हाची बोलावतेय." माझी आई घाबरली होती. मी तिला घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

मी मॅडमकडे गेले. मॅडम म्हणजे आमच्या हॉलच्या प्रमुख, कायम शांत, कायम नीटनेटक्या.

"एक टोपी चुकून पडली. काढून द्या."

"गेलेला तुकडा परत येत नाही. लोकांच्या विश्वासाचा प्रश्न आहे."

"माझं नाव आहे ते, मॅडम. मग जातं कुठे?"

"पुसलं जातं."

"पुसलं म्हणजे?"

"म्हणजे सुरक्षित ठिकाणी जातं," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे अशा बघत राहिल्या, जणू मी काय विचारलं हेच त्यांना कळलं नव्हतं.

बाहेर मफलर उभे होते. मी म्हटलं, "तुमचं नाव काय हो? खरं?"

त्यांनी मफलर नीट केला. "मफलर चालेल," ते म्हणाले.

घरी येऊन मी डब्याची वायर उपटली, गुंडाळली आणि डबा कपाटावर टाकला. मग कागद घेऊन बसले. नाव लिहून ठेवणार होते. पेन टेकवलं.

आलं नाही.

आज सुट्टी होती. दुपारी आई समोरच्या खुर्चीत बसून शेंगा सोलत होती. मी टेबलाशी होते. खिडकीतून ऊन आलं होतं. तिचे ओठ मिटलेले होते. मला दिसत होते.

हाक आली.

आईच्या आवाजात, दूध उतू जातंय म्हणून मारलेली. माझंच नाव. ऐकताक्षणी ओळखलं, इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले.

"ओ," मी म्हटलं.

आईचे हात थांबले. तिने तोंड माझ्या दिशेने वळवलं.

"कुणाला ओ दिलीस?" ती म्हणाली. "मी तर हाक मारली नाही."

मी नाव आठवू लागले. आत्ताच ऐकलेलं. नव्हतं.

कपाटावरून पुन्हा हाक आली. या वेळी जरा हळू. मी जवळच आहे हे कळल्यावर आई मारायची तशी.