ठेवायच्या गोष्टी

पूर्वेच्या भिंतीवर गोल घड्याळ. चार मिनिटं पुढे.

तिसऱ्या खुर्चीचा एक पाय आखूड. खाली पुठ्ठ्याची घडी.

लेकीचा पुढचा दात हलतोय. सकाळभर जीभ तिथेच.

शिपाईमामा खिडक्या उघडताना प्रत्येकीला म्हणतात, ‘चला बाई, उठा.’

सॉफ्टवेअरची एकशे अठ्ठावन्न पॅकेजं. लागतील एकतीस.

जिन्यात शेजारच्यांचं मांजर. पायाला घासून गेलं.

येताना बल्ब. पिवळा नको, बायकोने दोनदा बजावलं.

*

सोमवार

वरच्या ओळी आजच्याच. काम करताना समोर दिसेल ते या वहीत टिपायची मला सवय आहे. काही बिघडलं तर मागे जाऊन बघता येतं, त्या वेळी नेमकं काय काय चालू होतं ते.

काम असं. वाचनालयात बारा जुने संगणक धूळ खात पडले आहेत. त्यांच्यावर एक हलकी, मुक्तस्रोत प्रणाली बसवायची, अगदी हाडं शिल्लक राहतील इतकी हलकी. हाताने करत बसलो तर महिना जाईल, म्हणून मी स्क्रिप्ट लिहिल्या. स्क्रिप्ट म्हणजे हुकमांचा कागद. यंत्र तो वरून खाली वाचतं आणि सांगितलेलं करतं, ना जास्त ना कमी.

पहिली स्क्रिप्ट सगळं बसवते. दुसरी नको ते काढते. तिचं नाव मी ‘झाडू’ ठेवलं. झाडूसोबत एक यादी असते, ‘ठेवा’ नावाची. यादीत एका ओळीवर एक नाव. जे यादीत आहे ते राहतं, बाकीचं जातं, आणि गेलेल्या प्रत्येक गोष्टीची एक ओळ नोंदीत पडते. लोक वाचनालयाच्या यंत्रांवर वाटेल ते आणून टाकतात, म्हणून झाडू रोज चार वाजता, खोली बंद होताना, आपोआप फिरेल अशी सोय केली.

आज पहिल्या यंत्रावर चारला झाडू फिरला. एकशे सत्तावीस गोष्टी निघायला हव्या होत्या. नोंदीत एकशे अठ्ठावीस ओळी. शेवटची:

काढले: पूर्वेच्या भिंतीवरचे घड्याळ

त्या यंत्रावर मराठी अक्षरं दाखवणारा फॉन्ट मी बसवलेलाच नाही.

पूर्वेच्या भिंतीकडे बघितलं. कोरी भिंत. तिथे घड्याळ असल्याचं मला आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. वहीचं पान मागे उलटलं आणि पहिलीच ओळ वाचली.

*

मंगळवार

ग्रंथपाल बाईंना विचारलं.

“घड्याळ? अहो भाऊ, तीन वर्षं मागतेय मी. वरून अजून उत्तर नाही.”

“खिळा तरी होता का तिथे?”

“बघा की. भोक तरी दिसतंय का?”

भोक नव्हतं. भिंतीवर हात फिरवला. रंग सगळीकडे सारखाच जुना.

कुणीतरी माझी गंमत करतंय, असं धरून दुसरं यंत्र लावलं. झाडूची एकेक ओळ वाचली. सत्तावीस ओळी, सगळ्या माझ्या. चारला नोंद आली.

काढले: शिपाईमामा

*

बुधवार

“आमच्याकडे शिपाई नाही,” बाई म्हणाल्या. “कधी दिलाच नाही. अकरा वर्षं खिडक्या मीच उघडते. कंबर मोडली माझी.”

“उघडताना त्यांना काही म्हणता का?”

“कुणाला?”

“खिडक्यांना.”

बाई म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही दोन दिवस सुट्टी घ्या.”

मी त्यांना वही दाखवली नाही. अक्षर माझं आहे. शाई एकच, एका बैठकीतली. तो माणूस कसा दिसत होता, बुटका की उंच, मला सांगता येणार नाही. त्याने काय म्हटलं तेवढं मला वाचता येतं.

दोन्ही यंत्रांच्या वायर काढल्या. पेनड्राइव्ह पुसला. झाडू सगळीकडून काढून टाकला. तीनला घरी आलो.

चार वाजता घरच्या संगणकावर काळी चौकट आपोआप उघडली.

काढले: शेजारच्यांचे मांजर

*

गुरुवार

डोकं शांत ठेवून विचार केला. झाडू थांबत नाही. रोज एकच गोष्ट नेतो. जे नेतो ते सगळ्यांच्या डोक्यातूनही नेतो, माझ्यासुद्धा. कागद तेवढा राहतो. वहीत नसलेलं काही गेलं असेल, तर ते मला कळण्याचा मार्ग नाही.

प्रश्न एवढाच उरला: तो यादी मानतो का?

घरातल्या वीस वस्तू बैठकीच्या टेबलावर मांडल्या. एकोणिसांची नावं ‘ठेवा’मध्ये घातली. वहीत लिहिलं: मुद्दाम गाळली — फाटकी छत्री, काळी, मुठीला सुतळी.

चार वाजता:

काढले: फाटकी छत्री

टेबलावर एकोणीस वस्तू होत्या. मी एकोणीसच मांडल्या होत्या, असं मी शपथेवर सांगितलं असतं.

म्हणजे यादी मानतो. हायसं वाटलं, हे कबूल करतो. स्क्रिप्टशी भांडता येत नाही, पण तिला सांगता येतं.

*

शुक्रवार

रजा काढली. सकाळपासून यादी लिहितोय. बायकोला सगळं सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही, पण ती खुर्ची ओढून शेजारी बसली.

“मला कितव्या ओळीवर टाकलंस?”

“दुसऱ्या.”

“पहिलीवर कोण?”

“लेक.”

“मग ठीक आहे. आणि तुझी आई?”

“तिसरी.”

“हे त्यांना कळू देऊ नकोस. वर्षभर फोन घेणार नाहीत.”

मग तिनेही नावं सांगायला सुरुवात केली. तिचा भाऊ, भावजय, त्यांची दोन्ही मुलं. माझे मामा. वरच्या मजल्यावरच्या काकू. ग्रंथपाल बाई. घर, जिना, पाणी. तिचा डावा कान, कारण त्यानेच नीट ऐकू येतं. हसता हसता मध्येच तिने विचारलं.

“कुणी राहिलं तर?”

“म्हणून तर दोघं मिळून लिहितोय.”

“राहिलं तर आपल्याला कळणारही नाही, असंच ना?”

मी पुढची ओळ लिहिली.

पावणेचार. लेक शाळेतून आली. दप्तर टाकलं आणि सरळ पडद्यासमोर. बायको आत तिच्यासाठी सफरचंद चिरायला गेली.

“बाबा, हे काय? पहिल्या ओळीवर नुसतं ‘लेक’?”

“तूच ती.”

“लेक तर कुणाचीही असते. मी बबडी आहे. माझं मी लिहिणार.”

“आहे ते बरं आहे गं.”

“नाही. मी लिहिणार म्हणजे मीच लिहिणार.”

तिने पहिली ओळ खोडली. मी अडवलं नाही. ‘लेक’ हे खरंच कुणाचंही नाव होतं, आणि नेमकं लिहिलेलं कधीही चांगलं. ती बाण दाबत खाली, अगदी शेवटी गेली.

“वरच लिही की.”

“शेवटी उभा राहतो तो सगळ्यांना मोजतो. सहलीला आमच्या बाई तशाच उभ्या असतात.”

ओळ वर असली काय, खाली असली काय, स्क्रिप्टला फरक पडत नाही. लिहू दिलं.

तीन छप्पन्न. ती एका बोटाने टाइप करते. प्रत्येक अक्षर आधी कीबोर्डवर शोधते.

तीन सत्तावन्न. ‘मी बबडी’. एकशे त्रेचाळिसावी ओळ.

तीन अठ्ठावन्न. मी फाइल साठवली. ती मागे उभी आहे, माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून. मी काय लिहितोय ते वाचते आहे. म्हणते, “हे पण लिही, की मी वाचतेय.”

लिहिलं.

*

चार वाजून दोन.

काढले: बबडी

हे काय, ते कळलं नाही.

*

चार वाजून दहा.

वहीत म्हटलंय एकशे त्रेचाळीस ओळी. यंत्राला मोजायला सांगितलं. एकशे बेचाळीस.

डोळ्यांनी मोजल्या. एकशे त्रेचाळीस.

मग लक्षात आलं. ज्या ओळीनंतर एंटर दाबलेला नसतो, ती यंत्राच्या लेखी पुरी झालेली नसते. माझी स्क्रिप्ट तशी ओळ वाचतच नाही, सोडून देते. मोठे एडिटर, म्हणजे लिहायचे प्रोग्राम, तो एंटर स्वतःच घालतात. सगळं हलकं करण्याच्या नादात मी घेतलेला एडिटर घालत नाही. आमच्या कामात पहिल्या वर्षाची पोरं ही चूक करतात.

शेवटची ओळ तिथे आहे. ‘मी बबडी’. तिच्या पुढे काही नाही.

*

बायको बशी घेऊन बाहेर आली.

“बबडी कोण?” मी विचारलं.

“कोण?”

वहीतली आजची पानं तिला वाचून दाखवली. ती नीट ऐकत होती.

“गोष्ट लिहितोयस का?” ती म्हणाली. “छान आहे. ते सहलीच्या बाईंचं छान आहे.”

“तुझंही बोलणं आहे यात.”

“ते बोलले मी. पण ही मुलगी कुणाची घेतलीस?”

मग तिने हातातल्या बशीकडे बघितलं. सफरचंदाच्या फोडी. नखाएवढ्या, साल काढलेल्या.

“इतकं बारीक मी कशाला चिरलं?”

दोघांनी मिळून खाल्लं.

*

शनिवार

शेवटच्या ओळीपुढे एंटर दाबला. चारपर्यंत वाट बघितली. नोंदीत ‘काढले’ नव्हतं. आजवर न आलेली एक ओळ आली. तसं काही छापायला मी स्क्रिप्टला कधी सांगितलेलं नाही.

ठेवण्यासाठी सापडले नाही: बबडी

पानं पुन्हा वाचली. त्यातल्या माणसाला लेक आहे आणि त्याचा तिच्यावर जीव आहे, हे कळतं. मला वाईट वाटेल म्हणून थांबून बघितलं. खांद्याला हात लावून बघितला.

काही नाही.

“ती ओळ काढून टाक,” बायको म्हणाली. “कशाला उगीच.”

“असू दे. जागा थोडीच खाते.”

ती खिडकीत जाऊन उभी राहिली, माझ्याकडे पाठ करून. तिथून आमच्याच बाजूच्या शाळेचं फाटक दिसतं.

हे घर आम्ही घेतलं, ते रस्ता न ओलांडता शाळेत जाता येतं म्हणून.