आवडाई निवासाचा शेरा

रविवारी सकाळी तुळसानं उकळत्या पाण्याची किटली खाटेच्या सांध्यात ओतली, आणि त्यातलं निम्मं पाणी एका परक्या माणसाच्या बुटावर सांडलं.

“अहो बाई, पाय आहे तो माझा!”

“मग खाटेजवळ आणलात कशाला?” किटली खाली न ठेवताच तिनं विचारलं. “फाटकातून हाक मारायची पद्धत आहे आमच्याकडे.”

“मारली की. दोनदा मारली. पण तुम्ही खाटेशी बोलत होता.”

तुळसाचे कान लाल झाले. कारण बोलत होती खरी! दर रविवारी बाराच्या बारा खाटा अंगणात काढायच्या, सांध्यासांध्यात उकळतं पाणी सोडायचं, दिवसभर उन्हात तापवायच्या, आणि हे सगळं करताना ढेकणांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, हा तिचा नेम होता. तो कुणी ऐकेल असं तिला वाटलं नव्हतं. आणि ऐकणारा असा उंचापुरा, सावळा, ओल्या बुटाकडे बघून हसणारा असेल, हे तर मुळीच नाही.

“जागा आहे का?” त्यानं खांद्यावरची वळकटी सावरली. “मधु भोईर. ठाण्याला शाळेत शिकवतो. नाताळची सुट्टी आहे, म्हटलं उद्या मलंगगड करून यावा.”

“जागा आहे. खाट संध्याकाळपर्यंत वाळेल. तोवर पाय वाळवा,” असं म्हणून ती आत गेली, आणि आत गेल्यावर उगीचच आरशात डोकावली.

आता या घराचं सांगायला हवं. कल्याण स्टेशनातून खाडीकडे निघालं की डाव्या हाताला गोपीनाथ म्हात्र्यांचं माडीचं घर. एकेकाळी मिठागरावरची माणसं तिथं पंगतीला बसायची. मिठागर गेलं, माणसं पांगली, आणि तीन वर्षांमागे तुळसाची आई आवडाबाई गेली. रिकाम्या घराकडे बघत रडत बसणं तुळसाच्या स्वभावात नव्हतं. तिनं माडीवर खाटा टाकल्या, आत्या ठमाबाईला चुलीपाशी बसवलं आणि दारावर स्वतःच्या हातानं पाटी रंगवली: ‘आवडाई निवास, प्रवाशांची सोय.’ लोक हसले. बाविशीची पोर, लग्न नाही काही नाही, आणि चालली पाहुणे ठेवायला! तुळसानं त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

पण वडिलांचा धीर सुटत चालला होता. एक तांदळाचा व्यापारी वखारीसाठी हे घर मागत होता. “होलीपर्यंत बगतो, तुळशे,” गोपीनाथ म्हणाला होता. “घर मानसांनी भरलं तर तुजं. नाय तर पोती येतील.” तुळसाची सगळी भिस्त ठाण्याच्या डोंगरवाट मंडळावर होती. हे मंडळ कॉलेजातल्या मुलामुलींना गडांवर न्यायचं आणि मुक्कामाच्या चांगल्या जागांची यादी छापायचं. त्या यादीत नाव लागलं की हिवाळाभर माडी गजबजणार. तिनं मंडळाला पत्र घातलं होतं. उत्तर आलं होतं की, आमचा माणूस येऊन राहून जाईल, आधी कळवण्याची आमच्यात पद्धत नाही. तेव्हापासून ती येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याकडे संशयानं बघायची. या ओल्या बुटवाल्याचा मात्र तिला संशय आला नाही. तपासनीस म्हणजे चष्मा आणि पोट असणारच, अशी तिची समजूत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन ती माडीवर गेली, तर मधु खाटेवर गंभीर चेहरा करून बसलेला. समोर पांढरा रुमाल पसरलेला, रुमालाच्या मधोमध एक ढेकूण, आणि हातात वही.

“माफ करा,” तो म्हणाला, “पण मला हे लिहावं लागेल. मी… डोंगरवाट मंडळाकडून आलोय.”

तुळसानं कप खाली ठेवला. माडीवर रचलेली तांदळाची पोती तिला डोळ्यांसमोर दिसली. मग तिनं त्या रुमालाकडे नीट पाहिलं, आणि तिचा ताठा जागा झाला.

“हा आमचा नाही.”

“ढेकणाला काय गाव असतं?”

“असतं! तीन वर्षांत या घरात ढेकूण निघालेला नाही. काल तुमच्या बुटावर सांडलं ते पाणी काय आंघोळीला तापवलं होतं? उठा. ती वळकटी सोडा.”

“माझी?”

“मग काय माझी?”

तिनं वळकटी अंगणात नेली, भर उन्हात पसरली आणि पट्ट्याखालची जाड शिवण कात्रीनं उसवली. आणि काय सांगावं महाराजा! आजोबा, पणजोबा, लेकुरवाळ्या, अख्खं गणगोत सैरावैरा पळत सुटलं. ठमाबाई चुलीपुढून उठून बघायला आली आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली.

“अगो बाय! पाव्हना एकला नाय आयला, वऱ्हाड घेऊन आयला!”

तुळसाही हसणार होती. पण मधुचा चेहरा बघून तिचं हसू तिथंच राहिलं. तो पांढराफटक पडला होता.

“जूनपासून मी नऊ ठिकाणी राहिलो,” तो म्हणाला. “हीच वळकटी घेऊन. एरवी ती माळ्यावर पडलेली असते… आणि नऊच्या नऊ ठिकाणी मी लिहिलंय की ढेकूण आहेत. एकालाही मंडळानं यादीत घेतलं नाही. माझ्यामुळे.”

आता हा उठेल, वळकटी झटकेल आणि चालायला लागेल, असं तुळसाला वाटलं. तसंच करतात माणसं. पण मधुनं शाई-टाक मागितला. मलंगगड राहिला बाजूला. ओटीवर मांडी घालून त्यानं दुपारपर्यंत नऊ घरमालकांना नऊ पत्रं लिहिली आणि दहावं मंडळाला. एक त्यानं तिला वाचून दाखवलं. ‘दोष माझ्या अंथरुणाचा होता. आपल्या घरावर मी खोटा डाग लावला, त्याची लाज वाटते.’ खाली पूर्ण नाव, पूर्ण पत्ता.

तिथंच तो तुळसाला आवडला. लपवायचं कशाला, मनापासून आवडला! चुकतात सगळेच. पण चूक स्वतःच्या नावानिशी नऊ पाकिटांत घालून पोस्टात टाकून येणारा माणूस तिनं पहिल्यांदाच पाहिला होता.

संध्याकाळी त्याच्या वळकटीतली, उकळून वाळवलेली सतरंजी त्याच्या हातात देताना ती म्हणाली, “आणि आमच्याबद्दल काय लिहिणार?”

“काहीच नाही. ही तपासणी बाद. परत येऊन राहावं लागेल.”

“परत बूट भिजवून घ्यायला?”

“दुसरा कोरडा आहे ना अजून…”

तो आला. पुढच्या रविवारी आला, त्याच्या पुढच्याही आला. तपासणी म्हणे! तपासणीला आलेला माणूस खाटा उचलू लागतो का? ठमाबाईच्या शेजारी बसून वालाच्या शेंगा सोलतो का? तो कोलशेतचा, मिठागरवाल्यांच्याच घरातला निघाला, तेव्हा तर ठमाबाईनं त्याच्या आज्याचं नाव काढून दोन घरांची ओळखही शोधून काढली. उतरत्या उन्हात खाडीवरून वारा यायचा, खाटा आत नेताना एका टोकाला तो असायचा आणि दुसऱ्या टोकाला ती, आणि जिन्याच्या वळणावर खाट दर वेळी अडायची. एवढे दिवस एकटी नेत होती तेव्हा कधी अडली नव्हती. मधु वरून बघायचा, ती खालून बघायची, आणि दोघंही खाट अडल्याबद्दल जिन्याला दोष द्यायचे.

माघात त्यानं अहवाल लिहून आणला. तुळसानं जिन्यात उभ्या उभ्या वाचला. ‘पाणी: उत्तम. अंथरूण: उत्तम. जेवण: उत्तमाहून उत्तम. वागणूक: शब्द अपुरे.’ वाचताना तिच्या गालांवर ऊन चढलं. मग तिनं कागद परत एकदा वाचला, आणि भुवई वर गेली.

“ओहोटीला मागच्या मोरीत खाडीचा वास येतो. तो कुठंय ह्यात?”

“मला… नाही आला कधी.”

“अख्ख्या आळीला येतो!”

“मी असतो तेव्हा नसेल येत.”

“तुम्ही असता तेव्हा तुमचं लक्ष कुठं असतं?”

मधु नुसता तिच्याकडे बघत राहिला… आणि तुळसाला उत्तर कळलं. तिनं जिन्याचा कठडा धरला. ते सगळं तिला हवं होतं. तो माणूस हवा होता, ती नजर हवी होती. पण तिनं कागदाची घडी घातली आणि त्याच्या हातात परत दिली.

“हे तपासनिसानं लिहिलेलं नाही.”

“तुळसा…”

“ऐका माझं. उद्या लोक म्हणतील, पोरीनं मास्तराला भुलवलं आणि नाव यादीत लावून घेतलं. माझ्या आईचं नाव आहे ते. मेहेरबानीनं छापलेलं मला नको. मंडळात सगळ्यात कडक कोण आहे?”

“विमलाबाई. मुख्याध्यापिका आहेत. त्यांच्याकडून आजवर कुणाला धड शेरा मिळालेला नाही.” तो अगदी हळू म्हणाला, “होळीला तीन आठवडे राहिलेत. त्यांनी नापास केलं तर?”

“तर पोती येतील. रडेन मी. पण मान खाली घालून पाहुणे घेणार नाही. आणि त्या येऊन जाईपर्यंत तुम्ही इकडे फिरकायचं नाही.”

“अजिबात?”

“अजिबात.”

त्याला राग यायला हवा होता, निदान वाईट तरी वाटायला हवं होतं. पण तो तिच्याकडे असा बघत होता, की जणू त्याचंच कुणीतरी शर्यत जिंकलं होतं. “पाठवतो,” म्हणाला आणि फाटकातून मागं न बघता गेला. त्यानंतरचे रविवार तुळसानं कसे काढले ते तिचं तिला माहीत. खाटा जिन्यात एकदाही अडल्या नाहीत, आणि त्याचाच तिला राग येत होता.

फाल्गुनाच्या उन्हात विमलाबाई आल्या. नऊवारी पातळ, हातात छत्री, ओठ मिटलेले. त्यांनी दाराच्या चौकटीवरून बोट फिरवून बोट बघितलं. हंड्यात डोकावल्या. बायकांच्या खोलीची कडी आतून तीनदा लावून, तीनदा ओढून पाहिली. जिन्याशी कोण झोपतं ते विचारलं. “मी,” तुळसा म्हणाली. मोरीकडे निघाल्या तेव्हा तुळसानंच तोंड उघडलं.

“बाई, ओहोटीला इथं घाण वास येतो. दुरुस्त करायचीय. अजून झालेली नाही.”

“मी विचारलं नव्हतं,” विमलाबाई म्हणाल्या.

“म्हणून सांगितलं.”

“हं.” त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. दोन दिवस राहिल्या आणि न हसता निघून गेल्या. ठमाबाई म्हणाली, “ही बाय हसली तं आभाल परंल.” तुळसाला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

होळीच्या आदल्या दिवशी सकाळी व्यापाऱ्याचा निरोप आला की, संध्याकाळी जागा बघायला येतो. गोपीनाथ ओटीवर खाली मान घालून बसला होता. पोरीच्या डोळ्यांकडे बघायची त्याला हिंमत होत नव्हती. आणि तेवढ्यात फाटकातून खणखणीत हाक आली. एकदा. दोनदा.

मधु धापा टाकत होता. हातात कागद होता.

“यादी छापायला गेली. हा शेरा मी उतरवून आणलाय. माझं एक अक्षर नाही ह्यात, शपथ घेतो.”

“वाचा,” तुळसा म्हणाली.

“‘मागील मोरीस ओहोटीच्या वेळी दुर्गंधी, मालकिणीने विचारण्याआधी स्वतः सांगितले. जिना अरुंद. अन्य दोष शोधूनही सापडला नाही. माझी मुलगी एकटी प्रवासास निघाली, तर तिला मी निःशंक मनाने या घरी उतरू देईन.’”

ठमाबाईनं डोळ्यांना पदर लावला. गोपीनाथनं कागद हातात घेतला. त्याला वाचता येत नव्हतं, तरी कितीतरी वेळ तो त्या अक्षरांवरून अंगठा फिरवत राहिला.

“हे… आवडीच्या नावाच्या घराला लिवलंय?”

“हो बाबा.”

“मंग मना आळीत दाखवून येऊ दे,” असं म्हणून त्यानं टोपी घातली आणि ताठ मानेनं पायऱ्या उतरला. तीन वर्षांत तुळसानं त्याला असं चालताना पाहिलं नव्हतं. तिला रडू आलं, आणि ते तिनं पुसलंही नाही.

मधु दोन पावलं जवळ आला.

“आता माझं ऐकशील?” पहिल्यांदाच तो तिला अगं-तुगं करत होता. “तू मला फार आवडतेस. पहिल्या दिवसापासून. पण तू तो कागद परत दिलास ना, त्या दिवशी मी ठरवलं, संसार केला तर हिच्याशीच.”

तुळसानं मान वर केली. “मलाही तू आवडतोस. पण हे घर सोडून मी कोलशेतला येणार नाही. आज तर मुळीच नाही.”

“ये म्हणालंय कोण? मीच येतोय. कल्याणाहून ठाण्याच्या शाळेत माणूस जाऊ शकतो. आईला सांगितलंय. म्हटलं, विमलाबाई त्यांची मुलगी त्या घरात ठेवायला तयार आहेत, तर तुला मुलगा ठेवायला काय हरकत?”

“आणि? काय म्हणाल्या?”

“रडली आधी. मग विचारलं, पोरगी ताठ आहे ना? म्हटलं, फार. म्हणाली, मग जा.”

“लोक घरजावई म्हणतील तुला.”

“म्हणू देत. सांगेन सगळ्यांना, सहज नाही मिळाली ही जागा.”

तुळसा रडता रडता हसली. मग ओटीच्या कडेशी येऊन, साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात, तिनं रस्त्यानं चाललेल्या बापाला हाक मारली.

“बाबा! त्या तांदूळवाल्याला निरोप देऊनच या… येऊ नका म्हणावं. घर भरलं आमचं!”