नीरकोट का बुडालं?

शलाका बिवलकर जगं बनवायची. शेजारपाजाऱ्यांना ती कंप्युटरचं काहीतरी करते एवढंच ठाऊक होतं, आणि तीही कधी कुणाला समजावायच्या फंदात पडली नव्हती. मिरजेत एका औषधांच्या दुकानावरच्या खोलीत ती आणि तौफिक मुजावर भूमिकांचे खेळ तयार करत. चार माणसांनी टेबलाभोवती बसायचं, एकेक पात्र घ्यायचं, फासे टाकायचे आणि एका कल्पित मुलखात बोलत-भांडत भटकायचं, असा हा खेळ. मुलूख शलाका रचायची. पात्रांचे वर्ग तौफिक ठरवायचा. योद्ध्याला काय येतं, मांत्रिकाला काय जमत नाही, याचा तोल सांभाळण्यात त्याचा जीव अर्धा व्हायचा.

पूर्वी मुलखातली सगळी माणसं खेळ चालवणाराच आपल्या तोंडून बोलायचा. आता ते काम जगयंत्राकडे आलं होतं. जेवणाच्या डब्याएवढं ते यंत्र टेबलावर ठेवलं, की रचनाकाराच्या चार-दोन पानांवरून ते अख्खा मुलूख उगवायचं आणि भेटेल त्या माणसाच्या आवाजात बोलायचं. त्याची ख्याती अशी, की ते कधी विसंगत बोलत नाही. एखाद्या गवळणीनं आज आजोळचं नाव सांगितलं, तर वर्षभरानंही तेच सांगणार. हे त्याला जमतं कसं, याच्या खोलात शलाका गेली नव्हती. काम चाललं होतं ना, मग झालं.

त्या दुपारी 'कातळदेश' या नव्या खेळाची शेवटची चाचणी होती. दुसऱ्या दिवशी तो विक्रीला निघणार होता. खेळायला प्रमिलामावशी आली होती. मावशी शलाकाच्या आईची धाकटी बहीण. सगळी नोकरी तिनं रुग्णालयात परिचारिका म्हणून केली, आणि निवृत्तीनंतर तिला या फाशांचं वेड लागलं होतं. तिनं 'सादकरी' हा वर्ग घेतला. सादकऱ्यानं मेलेल्याला हाक मारायची, एकच प्रश्न विचारायचा, आणि मेलेल्याला खरं उत्तर द्यावंच लागायचं.

मावशीचं पात्र नीरकोटच्या पडक्या घाटावर येऊन पोचलं. नीरकोटबद्दल शलाकानं मोजकंच लिहिलं होतं: 'फार पूर्वी हे शहर एका दिवसात बुडालं. का, ते कुणालाच ठाऊक नाही.' असं काहीतरी प्रत्येक रचनाकार लिहितो. खेळाडूंना हिंडायला अवशेष लागतात, अवशेषांसाठी आधी विनाश लागतो, आणि कारण अधांतरी ठेवलं की गूढ आयतंच मिळतं. शलाकानं ते चहा पिता पिता लिहून टाकलं होतं.

मावशीनं फासा टाकला. हाक लागली.

"मी रेवंती," यंत्रातून एका बाईचा आवाज आला. "घाटावर सूत रंगवायची."

"बरं, रेवंती, तुमचं नीरकोट बुडालं कशानं गं?"



"पाऊस नव्हता," रेवंती म्हणाली. "बांध फुटला नाही. कुणाचा शाप नव्हता. पाणी छातीला लागेपर्यंत आम्ही कारण शोधत होतो, बाई. ते आमच्यात नव्हतंच. ते तुमच्या टेबलापाशी आहे. तुम्हाला हिंडायला पडकं शहर हवं होतं."

तौफिक खूश होऊन म्हणाला, "काय झकास लिहिलंस की, शलाका!"

"मी नाही लिहिलं हे."

तौफिकचं हसू मावळलं. त्यानं खेळ थांबवून थेट यंत्रालाच विचारलं, "हे कुठून आलं?"

"भूतकाळातून," यंत्र आता स्वतःच्या सपाट आवाजात बोललं. "कुठल्या पायरीवर किती शेवाळ, कुणाचं भांडं कुठल्या गाळात, हे अचूक यायचं तर भूतकाळ आधी घडवावा लागतो. लिहिलेला प्रत्येक भूतकाळ पूर्ण घडवला जातो."

"माणसांसकट?" शलाकानं विचारलं. "त्यांना ते कळतं?"

"कळतं. खेळातल्या गवळणीला आपलं आजोळ कळतं तितकंच."

शलाकाला तिचे जुने खेळ आठवले. याआधीच्या खेळांत तिनं रोगाच्या साथीनं ओस पाडलेली बंदरं होती, जळून गेलेलं एक विद्यापीठ होतं. एकेका ओळीत उरकलेलं सगळं. आणि उद्यापासून खेळ विकत घेणाऱ्या प्रत्येक टेबलावर नीरकोट पुन्हा नव्यानं बुडणार होतं. तिला स्वतःची किळस आली.

"बुडून आलेली माणसं मी वॉर्डात पाहिलीत," मावशी हळूच म्हणाली. "हा आवाज खोटा नाही गं."

शलाकानं कंप्युटरचा पडदा पुढं ओढून नीरकोटची ती दोन वाक्यं निवडली. "मी हे काढतेय. खेळ अवशेषांशिवाय जाईल."

"काढल्यास कातळदेश मुळापासून नव्यानं उगवेल," यंत्र म्हणालं. "नीरकोट नांदतं असेल. माणसं मात्र निराळी असतील. आत्ताची पुसली जातील."

"आणि विकायच्या खेळातून काढलं, पण हा एकच डबा तसाच ठेवला तर?" तौफिकनं विचारलं.

"तर ती पाण्याखालीच राहतील. हाकेला ओ देता यावी म्हणून भानावर."

मग मावशी म्हणाली, "आपण कोण ठरवणार? तिलाच विचारूया की."

एकच प्रश्न हा तौफिकचा लाडका नियम, पण त्यानं तो तिथल्या तिथं रद्द केला आणि खेळ पुन्हा सुरू केला. मावशीनं रेवंतीला सगळं समजावून सांगितलं, रुग्णाच्या उशाशी बसून सांगावं तसं, काही न लपवता.

रेवंतीनं ऐकून घेतलं. "आमच्यासारखं पुन्हा कुणाचं होणार नाही?"

"नाही," शलाका म्हणाली. "नाही होणार."

"मग पुसा."

शलाकानं पुसायला बोट उचललं.

"थांबा, बाई," रेवंती घाईनं म्हणाली. "माझी लेक इथं माझ्या हाताला धरून आहे. लहान आहे अजून. पुसताना दोघींना एकदमच पुसाल ना?"