अर्धा पासवर्ड

सुरतेच्या डिंडोलीतल्या आमच्या रक्तपेढीत दुर्मिळ गटाच्या दात्यांची माहिती वेगळी ठेवलेली आहे. ती उघडायला डेटाबेसच्या अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतो. तो दोघांत वाटलेला होता, अर्धा माझ्याकडे, अर्धा माझ्यासोबत काम करणाऱ्या केदारकडे. एक टाइप करत असला की दुसऱ्यानं भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. मला हा पोरखेळ वाटायचा, पण केदारपुढे कुणाचं काही चालायचं नाही.

गेल्या महिन्यात सचिन गावाच्या रस्त्यावर ट्रकनं त्याला उडवलं. तो जागीच गेला, आणि त्याचा अर्धा पासवर्डही त्याच्यासोबत गेला.

रविवारी दुपारी नवागामचे सखारामकाका धापा टाकत आले. लूमवरून तसेच निघालेले, केसांत सुताची कुसं. त्यांची मुलगी पल्लवी बाळंत झाली होती, रक्तस्राव थांबत नव्हता आणि गट निघाला होता बॉम्बे. हजारांत एकाचाही नसतो.

"ताई, मन्ही पोरले रगत भेटी ना?"

"भेटेल काका, बसा तुम्ही," मी म्हणाले आणि कॉम्प्युटरकडे वळले.

पासवर्ड हरवला तरी वाट असते. डेटाबेस बंद करायचा, पासवर्ड न विचारता चालू करायचा, नवा पासवर्ड द्यायचा आणि पुन्हा नेहमीसारखा चालू करायचा. मी तसंच केलं. नवा पासवर्ड घातला.

चुकीचा पासवर्ड.

पुन्हा बदलला. पुन्हा तेच. मला स्वतःचाच संताप आला. बाहेर काका कुणाला तरी फोनवर सांगत होते, "देतस, देतस, ताई देखी राह्यनी."

शेवटी वैतागून मी माझा जुना अर्धा भाग टाइप केला आणि सवयीनं उठून भिंतीकडे तोंड केलं.

तेवढ्यात लाइट गेली. शेजारचे लूम थांबले. कॉम्प्युटर बॅटरीवर चालू होता.

माझ्या पाठीमागे कीबोर्डच्या कळा वाजत होत्या.

सावकाश, एकेक.

थांबल्या.

मी वळले. खुर्ची रिकामी होती. माहिती उघडलेली होती. बॉम्बे गट, सुरत, दाता एकच. केदार. मला त्यानं हे कधी सांगितलं नव्हतं. आता काकांना काय सांगायचं, म्हणून मला रडूच फुटलं.

मग पुढची ओळ दिसली. शिल्लक पिशवी एक. रक्तदानाची तारीख आजची.

मी तंत्रज्ञ नितीनला फ्रीजकडे पिटाळलं. बराच वेळ तो आलाच नाही. आला तेव्हा पिशवी दोन्ही हातांत धरून दारातच उभा राहिला.

"पल्लवीच्या रक्ताशी जुळलं, ताई."

"मग दे ना लवकर!"

त्यानं ती माझ्या हातात ठेवली. कोमट होती.