दाणे नसलेला लाल ठिपका

लेझरचा लाल ठिपका पांढऱ्या कागदावर पडला की तो कधीच गुळगुळीत दिसत नाही. त्यात ओल्या वाळूसारखे बारीक दाणे असतात, आणि आपण डोकं जरा हलवलं की ते चुळबुळतात. साध्या दिव्याच्या उजेडात हे दाणे नसतात. निखाऱ्यातही नसतात.

चांद्र पंचांगाच्या गेल्या सातव्या महिन्यात, माडोउ गावातल्या आमच्या घरात, मी एक लाल ठिपका पाहिला.

लेझर बंद होता… आणि ठिपक्यात दाणे नव्हते.

हे खरं घडलं आहे. कुणाला पटवून द्यायची मला हौस नाही. भुतांच्या गोष्टींच्या या पानावर निम्म्या गोष्टींत भूत बरोबर रात्री बाराला येतं, जणू त्याला हजेरी लावायची असते. आमच्याकडे दुपारचे चार वाजले होते. गल्लीतून पपनस विकणारा टेम्पो ओरडत चालला होता.

मी दूर उत्तरेला, शिनचू शहरात राहते. प्रकाश मोजणं हेच माझं काम. माझा दादा, ख्वान, माडोउला आईसोबत असतो. तो मोबाइलसमोर बसून लाइव्हवर दगडी मण्यांची कडी विकतो. ही कडी घातली की वायफायच्या वाईट लहरी अंगाला लागत नाहीत म्हणे. पण हल्ली चित्र अडकायचं, गिऱ्हाईक पळायचं. म्हणून वाईट लहरींपासून जगाला वाचवणाऱ्या या माणसाला आणखी वेगवान वायफाय हवं होतं. फायबर.

सातव्या महिन्यात पितरं मोकळी सुटतात. त्या महिन्यात आमच्याकडे कोणी भिंतीत खिळासुद्धा ठोकत नाही. साहजिकच कंपनीकडे तारखाच तारखा मोकळ्या. दादाने पहिलीच पकडली. त्याची श्रद्धा सोयीप्रमाणे वाकते.

तार मागच्या गल्लीतल्या खांबावरून येणार होती. घरात शिरायला सोपी वाट एकच, स्वयंपाकघरामागची धुण्याची जागा.

आणि तिथे, वॉशिंग मशीनच्या वरच्या फळीवर, आत्या होती.

म्हणजे तिच्या नावाची लाकडी पाटी; आमच्याकडे गेलेलं माणूस अशा पाटीत राहतं. यू-ताओ आत्या ही बाबांची मोठी बहीण. बुटांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर तिचा जन्म गेला. बाबांचं शिक्षण त्या यंत्रातून निघालं, या घराचे खालचे दोन मजलेही. लग्न तेवढं तिने केलं नाही. आणि लग्न न केलेल्या मुलीचं नाव माहेरच्या देवघरात पूर्वजांत बसत नाही, असा नियम आहे. तिसऱ्या मजल्यावर, लाल दिव्यांखाली, जुगारात शेत घालवलेले पणजोबा मानाने बसले आहेत. आत्या साबणाच्या डब्याशेजारी.

वीसेक वर्षं.

दर वर्षी मी विचारायचे, "आत्याला वर कधी घ्यायचं?"

दर वर्षी आई म्हणायची, "पुढच्या वर्षी बघू. काकांना विचारायला हवं." बाबा गेल्यापासून देवघराचा शब्द काकांचाच.

मीही लग्न केलेलं नाही. त्या फळीवर अजून बरीच जागा आहे, हे माझ्या लक्षात आलेलं आहे.

तार टाकायला आलेल्या माणसाचं नाव लाई. घामाने निथळत तो फळीपाशी आला आणि थबकला.

"शेठ, ही पाटी आधी हलवा. मी हात लावणार नाही. महिना कुठला चाललाय माहितीये ना?"

"आत्या आहे आमची," दादा म्हणाला. "काही करत नाही ती. जिवंत होती तेव्हाही काही बोलायची नाही."

"निदान विचार तरी तिला," आई दारातून म्हणाली.

मग कौल. चंद्रकोरीसारख्या दोन लाकडी फाका जमिनीवर टाकायच्या. एक उताणी, एक उपडी पडली की होकार. दादाने टाकल्या. दोन्ही उपड्या. नकार. पुन्हा टाकल्या. नकार.

"फरशीला उतार आहे," दादा म्हणाला, आणि पाट आणून त्यावर टाकल्या. नकार. तो टाकत राहिला. शेवटी एकदाचा होकार पडला, तसा त्याने फाका झटकन उचलून खिशात घातल्या.

"हवं ते उत्तर येईपर्यंत प्रयोग करायचा आणि मग थांबायचं," मी म्हटलं. "आमच्याकडे अशाला नोकरीवरून काढतात."

"आमच्याकडे याला धंदा म्हणतात."

त्याने पाटी कड्यांच्या रिकाम्या खोक्यात ठेवली. पालथी. खोकं जमिनीवर, मोरीच्या कडेला. वरून टेपही लावला, धूळ जाऊ नये म्हणून.

आईने पाहिलं. हात एप्रनला पुसले, आणि आत गेली.

लाईने भिंतीला भोक पाडलं, तार ओढली, दादाच्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीपर्यंत नेली. इंटरनेटची डबी लावली. डबीवर लाल दिवा. म्हणजे प्रकाश पोचत नव्हता.

तार कुठे तुटली का ते बघायची एक साधी पद्धत असते. एका टोकाला लेझरचं पेन लावायचं, दुसऱ्या टोकाला लाल ठिपका उमटतो का पाहायचं. लाईने वरचं टोक डबीतून काढून पेनमध्ये घातलं, दादाला तिथे उभं केलं आणि खाली आला. खालचं टोक खांबाच्या तारेपासून सोडवून त्याने कागदासमोर धरलं.

ठिपका उमटला. दाणेदार. बरोबर होता.

"तार चांगली आहे. माझाच जोड नीट बसला नव्हता," लाई म्हणाला, आणि वर ओरडला, "शेठ, बंद करा."

"केलं."

ठिपका तसाच होता…

"शेठ, बंद करा म्हटलं."

"अरे केलं ना. कान तपासून घे."

मी वर गेले. पेन दादाच्या हातात होतं, विझलेलं. तारेचं टोक मोकळं लोंबत होतं. कशालाही जोडलेलं नव्हतं. मी त्यावर काळी टोपी बसवली आणि खाली आले.

लाईच्या कागदावर ठिपका होता…

मी डोकं डावीकडे हलवलं. उजवीकडे हलवलं.

काहीच चुळबुळलं नाही.

रंगही बदलला होता. लेझरचा तांबडा नाही, उदबत्तीच्या टोकाचा असतो तसा. तो हळूहळू उजळायचा. मग मंद व्हायचा. पुन्हा उजळायचा. कोणीतरी जपून फुंकर घालत असल्यासारखा.

केसाहून बारीक काच. एका टोकाला टोपी, दुसरं टोक आमच्यासमोर. प्रकाश कुठून तरी यावा लागतो. हे मला दुसऱ्या कोणी सांगितलं असतं, तर मी त्याला चष्म्याचा नंबर तपासायला सांगितलं असतं.

लाईने माझ्याकडे पाहिलं नाही.

"मी जोडतो, ताई. जोडतो आणि निघतो."

त्याने टोकं जोडली. डबीवरचे दिवे हिरवे झाले. आईने केलेला चहा त्याने घेतला नाही. जाताना मात्र तो मोरीपाशी थांबला आणि टेप लावलेल्या खोक्यासमोर कमरेत वाकला.

संध्याकाळी दादा लाइव्हला बसला. बाहेर अजून ऊन होतं. मोबाइल त्याच्यासमोर स्टँडवर, त्याच्यामागे कोरी भिंत. मी दाराशी. आई सोललेलं पपनस घेऊन आली आणि माझ्याशेजारी टेकली.

लोक लिहितात ते मोठ्याने वाचायची दादाला सवय आहे.

"'चित्र एकदम स्वच्छ.' आभारी आहे, आभारी आहे. 'काळं कडं दाखवा.' हे बघा. 'मागे कोण आहे?'" तो हसला. "मागे भिंत आहे, ताई. भिंत विकत नाही मी."

मग दुसऱ्याने लिहिलं. मग तिसऱ्या कोणी. वेगवेगळी माणसं, वेगवेगळ्या गावची.

"'आई का तुमची?' नाही हो, आई तिकडे पपनस खातेय. 'वय झालेलं दिसतंय, बसवा की त्यांना…'"

दादा थांबला.

त्याने वळून पाहिलं. भिंत होती.

मी माझ्या मोबाइलवर तेच लाइव्ह उघडलं. मलाही भिंतच दिसत होती. हे मी मुद्दाम सांगते आहे. मला काही दिसलं नाही, आईला नाही, दादाला नाही. तिच्या स्वतःच्या घरातल्या एकालाही ती दिसली नाही.

'किती वेळ उभ्या आहेत. खुर्ची द्या.'

"हे त्या समोरच्या लिनचं काम," दादा दात चावत म्हणाला. "धंदा बघवत नाही त्याला." मग कॅमेऱ्याकडे बघून हसला, प्लास्टिकचं स्टूल ओढलं आणि मागे ठेवलं. "घ्या. बसवलं. आता कडी घेणार का?"

नवी ओळ आली.

'बसत नाहीत.'

'त्यांना तिथे बसायचं नाहीये. जिन्याकडे बघतायत.'

आमचा जिना तिसऱ्या मजल्यावर संपतो. देवघरापाशी.

पुढची ओळ दादाने वाचली नाही. आईला बारीक अक्षर दिसत नाही. ती म्हणाली, "अ-मिन, काय लिहिलंय?"

मी वाचलं. 'त्यांच्या बोटाला चिंधी का बांधलीये?'

आईच्या हातातली फोड ताटलीत पडली. यंत्राची सुई आत्याच्या उजव्या तर्जनीतून आरपार गेली होती, माझ्या जन्माच्याही आधी. ते बोट शेवटपर्यंत चिंधीत असायचं. तिच्या एकुलत्या एका फोटोत हात दिसत नाहीत.

दादाने मोबाइल बंद केला.

"चेष्टा आहे ही, आई. उद्या मास्तरांना बोलावतो." मास्तर म्हणजे वास्तू बघणारे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत स्कूटर विकायचे. "पाटी लांबच्या एखाद्या देवळात ठेवून टाकू. वर्षाचे पैसे भरले की बघतात ते लोक. सुटलो."

"तिला वर घे," मी म्हटलं.

"बिनलग्नाची बाई वर? काका थुंकतील तोंडावर. आणि मग उद्या तुलाही चढवावं लागेल." तो हसला. एकटाच.

त्या ठिपक्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. शिनचूला परतल्यावर मी तार वाकवून पाहिली, कापून पाहिली, उन्हात धरून पाहिली. तसा उजेड पुन्हा कधी निघाला नाही. तरी हल्ली मी टोक उघडं ठेवत नाही. टोपी बसवते, आणि बसवताना तिकडे बघत नाही.

त्या संध्याकाळी, दादा हसत होता तेव्हाच, आई उठली होती. ती खाली गेली. खोक्याचा टेप टरकावल्याचा आवाज आला. मग पाणी.

मग जिन्यावर तिची पावलं…

पाटी तिने छातीशी उभी धरली होती, पुसून कोरडी केलेली. दादा जिन्यात आडवा झाला.

"काकांना विचारलंस?"

"सांगेन. विचारणार नाही. बाजूला हो."

तो झाला.

पाटी हलवताना वाट सांगत जायची असते, नाहीतर गेलेलं माणूस मागे राहतं. आई पायरीवर थांबली, आणि मी त्या घरात कधीच ऐकला नव्हता इतक्या मोठ्या आवाजात म्हणाली,

"वन्सं, जिना आहे, जपून. वर चला. आजपासून तुम्ही सगळ्यांच्यात बसायचं."