कान नसलेल्या शेजाऱ्याची तक्रार

आमच्या शेजारच्या फ्लॅटमधल्या पाहुण्याला कान नाहीत. एकही नाही. त्याच्या ग्रहावर हवा नाही, म्हणून आवाज नाही, म्हणून कानांची गरजच पडली नाही. आणि या माणसाने (माणूस नाही तो, पण राग आला की मी बारकावे बघत नाही) माझ्या गिटारच्या आवाजाबद्दल सोसायटीकडे लेखी तक्रार केली.

आता मी चिडू नको तर काय करू?

मी शर्वरी गावंडे, आठवी ब, हरितवैभव सोसायटी, अकोला. सोसायटीत झाड एकच आहे, तेही पार्किंगला आडवं येतं. परग्रहावरचे पाहुणे शहराशहरांत वाटून देण्यात आले तेव्हा आमच्या वाट्याला हा आला. दिसायला ओल्या घोंगडीसारखा, आणि सगळ्या बाजूंनी मिशा. त्याचं खरं नाव कोणालाच उच्चारता येत नाही, म्हणून सगळे त्याला पाहुणेसाहेब म्हणतात. तो पाटीवर लिहून बोलतो. मराठी तो आमच्या नोटीस बोर्डावरून शिकला. त्यामुळे त्याला ‘कृपया’ कधी भेटलाच नाही.

तक्रार अशी होती: ‘कळविण्यात येते की, ३०१ मधील मुलगी आवाज करते. सदर आवाज तात्काळ बंद करावा. अन्यथा कारवाई करण्यात येईल.’

सेक्रेटरी तायडे काकांनी ती मला मोठ्याने वाचून दाखवली.

“काका, त्याला कान नाहीत,” मी म्हणाले.

“पाहुण्याचे अवयव मोजू नये, शर्वरी,” काका म्हणाले. “रविवारी सभा आहे. ती गिटार सुटी करून खोक्यात भरायची आणि सोसायटीत जमा करायची.”

सुटी करून! दिवाळीची अख्खी सुट्टी घालवून मी ती किटमधून जोडली होती. लाकडाचं धड पॉलिश पेपरने घासलं, मान स्क्रूने बसवली, आतल्या तारांना सोल्डरिंग करताना बोट भाजलं. शेवटची तार जोडून पहिला सूर निघाला तेव्हा मी घरभर नाचले होते. माझ्या हातून झालेली आणि झाल्यावर चाललेली ही पहिलीच वस्तू. आधीचा पक्ष्यांचा बंगला पक्ष्यांनी बघूनच सोडून दिला होता.

आणि खरा संताप पुढेच आहे. बाबांना रात्रपाळी असते, म्हणून दिवसा मी अँप (गिटारमधली नाजूक वीज मोठी करून तिचा आवाज काढणारी पेटी) लावतच नाही. अँपशिवाय इलेक्ट्रिक गिटार म्हणजे डासाची कुजबुज. ती भिंतीपलीकडे जाईलच कशी? उलट तक्रार आल्यावर मी भिंतीला तोंड लावून बेंबीच्या देठापासून ओरडले होते, “काय त्रास आहे हो तुम्हाला?” त्याबद्दल तक्रार नाही. कुकरच्या शिट्ट्यांबद्दल नाही. तायडे काका शनिवारी गच्चीवर माईक घेऊन गातात, त्याबद्दलसुद्धा नाही, आणि ते तर मानवतेविरुद्ध आहे.

मग माझ्याच गिटारवर राग का?

किटसोबत एक मदतनीस यंत्रमानव आला होता. स्टेपलरएवढा. त्याचं नाव मी खिट्टी ठेवलंय. मी त्याला विचारलं, “खिट्टी, शेजारचा पाहुणा असा का वागतो?”

“हा विषय किटमध्ये समाविष्ट नाही,” खिट्टी म्हणाला.

त्याला खिडकीतून फेकायचं मी तात्पुरतं पुढे ढकललं. “बरं. अँप बंद असताना माझ्या गिटारमधून काय काय बाहेर पडतं?”

“हा विषय समाविष्ट आहे. एक, थोडा आवाज. दोन, चुंबकत्वातली थरथर.”

“ती कशी काय?”

“तारांखालच्या पिकअपमध्ये (तारेची हालचाल टिपणारी डबी) चुंबक असतात. त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. चुंबकाजवळ असल्यामुळे वरची पोलादी तारही थोडी चुंबक बनते. ती हलली की आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र (चुंबकाचा प्रभाव जिथवर जाणवतो तो भाग) हलतं. वेढ्यांमधून जाणारं क्षेत्र असं कमीजास्त झालं की वेढ्यांत वीज तयार होते. याला विद्युतचुंबकीय प्रवर्तन (बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वीज निर्माण होणं) म्हणतात. अँप त्या विजेला मोठं करतो.”

“म्हणजे पिकअप आवाज ऐकतच नाही?”

“पिकअप ठार बहिरा आहे. तुम्ही त्याच्यावर रोज ओरडता, ते वाया जातं.”

ठार बहिरा, तरी तारेची थरथर बरोब्बर टिपतो. असा अजून एक जण भिंतीपलीकडे राहत होता.

मी लगेच प्रयोग केला. मावसभावाची जुनी लाकडी गिटार आणली. तिच्या तारा नायलॉनच्या. नायलॉनला चुंबकाशी काही देणंघेणं नसतं. भिंतीला टेकून मी ती संध्याकाळभर बडवली. दाराशी कोणी आलं नाही. मग माझी गिटार घेतली आणि अँप न लावता एकच पोलादी तार छेडली. बेल वाजली. पाटी पुढे करून पाहुणेसाहेब उभे. ‘अखेरची सूचना.’

रविवारी पार्किंगमध्ये सभा भरली. मी गिटार, अँप आणि खिट्टीला घेऊन गेले. मला सगळं समजावून सांगायचं होतं. काकांनी पुढे खोकं सरकवलं.

“काका, आधी ऐका. त्यांना आवाज ऐकू येत नाही, त्यांना चुंबक—”

“सभेत लहानांनी बोलू नये.”

“गिटार माझी, खोक्यात जाणार ती, आणि बोलायचं मी नाही?”

“आवाज खाली!”

आवाज खाली! मी रागाने वायर खुपसली आणि अँप चालू केला. म्हटलं, निदान शेवटचं वाजवून तरी दाखवते. तेवढ्यात पाहुणेसाहेब पाटी उगारून तरातरा माझ्यापाशी आले. त्यांच्या मिशा वादळात सापडल्यासारख्या हलत होत्या.

आणि अँप गरजला.

घ्रॉंऽऽव! असं काहीतरी. मी तारांना बोटही लावलं नव्हतं. मिशा हलल्या की अँप ओरडायचा, मिशा थांबल्या की गप्प. झाडावरचे कावळे उडाले. तायडे काका खोक्यात बसले, म्हणजे पडले.

“खिट्टी! हे काय?”

“चुंबक हलतो आहे, शेजारी वेढे आहेत, वीज तयार होते आहे,” खिट्टी म्हणाला. “चुंबक कोणाच्या मालकीचा आहे, हा विषय समाविष्ट नाही.”

त्यांच्या मिशाच चुंबक होत्या! त्या हलवून ते बोलत होते, आणि आल्या दिवसापासून बोलत होते. जिन्यात, लिफ्टमध्ये, आमच्या तोंडासमोर. अख्ख्या सोसायटीत ते ऐकू शकणारी वस्तू एकच होती, आणि सगळे ती खोक्यात भरायला निघाले होते.

मी गिटार त्यांच्याजवळ धरली. ते बराच वेळ बोलले. अर्थ एका अक्षराचा कळला नाही, राग मात्र सगळा कळला. आपण जीव तोडून बोलावं आणि समोरच्याने खोकं पुढे करावं, तेव्हा येतो तो राग. मला तो चांगलाच ओळखीचा होता.

मग ते अचानक थबकले. स्पीकरमध्येही चुंबक आणि वेढेच असतात, त्यामुळे त्यांचंच बोलणं त्यांना परत जाणवत होतं. त्यांनी एक मिशी हळूच हलवली. अँप म्हणाला, “कुंई.” त्यांनी पाटी पुसली आणि लिहिलं, ‘हे कोण बोलले?’

मी खाली लिहिलं, ‘तुम्ही.’

त्यांनी खात्री करायला तीच मिशी पुन्हा हलवली.

“छान! फारच छान!” तायडे काका खोक्यातून उठत म्हणाले. “मग शर्वरी, ती डबी काढ आणि पाहुणेसाहेबांना देऊन टाक. आपण तुझा शाल देऊन सत्कार करू.”

“नाही देणार.”

“अगं, एवढीशी तर डबी—”

“एवढीशीच आहे ना? मग दुसरी करू! चुंबक आणि तार, बाकी काही नाही त्यात. शाल नको मला, तुम्ही वेढे घालायला या!”

एवढ्या जोरात मी सभेत पहिल्यांदाच बोलले. कोणी आवाज खाली म्हणालं नाही.

जुन्या अडॅप्टरमधून बारीक तार सोडवली. आईच्या शिलाई मशीनच्या बॉबिन भरायच्या चाकावर वेढे घातले. तार तायडे काकांनी धरली, आणि चार वेळा तोडलीही. पाचव्या वेळी त्यांनी गच्चीवरची गाणी बंद करायची शपथ घेतली, तेव्हा ती टिकली.

मधल्या वेळात मी पाहुणेसाहेबांना पाटीवर विचारलं, ‘माझी गिटार कुठे बसून वाजवली की टोचते?’ हे त्यांना आजवर कोणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. त्यांनी माझ्या खुर्चीमागची भिंत दाखवली. तिच्या पलीकडे ते झोपायला लटकतात.

“चुंबकाचा असा प्रभाव अंतराबरोबर झपाट्याने घटतो,” खिट्टी म्हणाला. “अंतर दुप्पट केलं, की तो साधारण आठवा हिस्सा उरतो.”

मी खुर्ची उचलून गॅलरीत ठेवली. तक्रार संपली. एका खुर्चीसाठी आम्ही सभा भरवली होती.

नवी डबी आता पाहुणेसाहेबांच्या गळ्यात असते, किंवा जिथे गळा असायला हवा तिथे. खाली छोटासा अँप आणि स्पीकर. ते अजूनही रागावलेलेच आहेत; पाण्याच्या टाकीवर, लिफ्टवर, एकूणच आमच्यावर. आम्ही सोसायटीतली मुलं मिळून त्यांच्या भाषेचा कोश तयार करतोय. ‘नाही’, ‘सरक’ आणि ‘परत वाजव’ एवढं आत्तापर्यंत कळतं. तिसरा शब्द ते आमच्या गॅलरीखाली उभे राहून म्हणतात, तोही चिडूनच.

काल आमचं दोघांचं जिन्यात कडाक्याचं भांडण झालं आणि मी जिंकले. असं मला वाटतं तरी. शेवटी ते नेमकं काय म्हणाले, हे समजायला अजून पुष्कळ शब्द शिकायचे आहेत.